करवंदीच्या जाळीतले सर

पाण्याच्या सीलबंद बाटलीचा कुणी वास घेतं का? आमचे सर घ्यायचे. बाटली उलटी करून उन्हाकडे धरायची, मग झाकण फोडून हुंगायची, मग स्वतः एक घोट घ्यायचा आणि आमच्याकडे तोंड करून थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. सर पडले नाहीत, की पाणी आमच्या वाट्याला यायचं. यजमान कॉलेजनं दिलेल्या केळ्यांचंही तेच. न सोललेलं केळं कुणी बिघडवणार कसं, असं मी एकदा न राहवून विचारलं. सर म्हणाले, "तां माका म्हायत नाय. जेका म्हायत आसा, तो तुका सांगूक येवचो नाय."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सर हयात आहेत, आणि आपल्यावर कुणी चार ओळी लिहिल्या हे कळलं तर आधी लिहिणाऱ्याचा हेतू काय, हे शोधायला निघतील.

मालवणच्या किनारपट्टीतल्या आमच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते. मूळचे आरोंद्याचे, ख्रिश्चन, अर्धं गणगोत गोव्यात. उंच, वाळकुडे, डोक्यावर कायम फिक्या रंगाची टोपी, आणि गळ्यात दोन स्टॉपवॉच. दोन का, तर एकावर विश्वास नाही म्हणून. दोघांत फरक आला की दोन्ही घड्याळं खोटी ठरायची आणि आम्हाला परत पळावं लागायचं. कुणाला ताप आलाय म्हटलं, तर आमच्या कपाळाला हात लावून मग स्वतःच्या कपाळाला लावायचे, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच ताप असल्याचा त्यांना संशय यायचा. स्पर्धेची वेळ आम्हाला कधी खरी सांगितली नाही. सात म्हटलं की आठ असणार, हे आम्ही ओळखून होतो. मग त्यांनाही ते कळलं आणि एकदा त्यांनी खरी वेळ सांगितली. त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या जणी उशिरा पोचल्या.

त्यांचं एक वाक्य होतं. "इश्वास देवळात ठेवचो, नायतर इगर्जीत. वाटेर ठेवलो तर कोणय उचलून नेता."

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली तीही वाटेवरच. कॉलेजात आल्या आल्या एक शर्यत होती: वरच्या कातळी माळावरून, म्हणजे सड्यावरून, खाली उतरायचं, ओढा, म्हणजे आमचा व्हाळ, ओलांडायचा, किनाऱ्यानं परत यायचं. मी पहिली आले आणि धापा टाकत उभी राहिले. सर माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून पायांकडे बघत होते.

"काय गो, रिक्षेन इलंस?"

"नाय. धावत."

"वाटेत व्हाळ आसा. तुझे बूट सुके कशे?"

"हातात घेऊन धावलंय."

"कित्याक?"

"नवे आसत."

असं उत्तर त्यांना आयुष्यात कुणी दिलं नसावं. तरी त्यांनी माझे तळवे बघितले. एका पायाला काटा रुतून रक्त आलं होतं. ते बघून दुसरा कुणी मास्तर हळहळला असता. हे म्हणाले, "रगात आताचा काय कालचा?" आणि दुसऱ्या दिवशी मला एकटीलाच तीच वाट परत पळायला लावली. ते स्वतः कुठेच दिसले नाहीत. सड्यावर करवंदीच्या एका जाळीजवळून जाताना मात्र आतून खोकल्याचा आवाज आला.

जाळीत बसणं हे सरांचं खरं काम. बाकीचे मास्तर शेवटच्या रेषेवर छत्री घेऊन उभे असत, सर वाटेवरच्या झुडपात. कुठल्या वळणावर मुलगी वाट चुकवील, कुठे चालायला लागेल, कुठे कुणाच्या स्कूटरवर बसेल, हे सगळं त्यांनी मनात धरलेलं असायचं. आता, मुली पळतात त्या वाटेवर एक बाप्या झुडपात लपून बसतो, म्हटल्यावर गावानं गप्प राहावं कसं? लोक आपसात बोलायला लागले. सरांना ते कुणी सांगायच्या आधीच कळलं. लोक आपल्यावर संशय घेतील हा संशय त्यांना पहिल्या दिवसापासून होता. त्यांनी त्यावर तोड काढली. ते बायकोला बरोबर आणायला लागले.

आम्ही त्यांना आंटी म्हणत असू. जाड, हसऱ्या, बोलक्या. जाळीत पाट टाकून बसायच्या, मांडीवर ताट घेऊन शेवग्याच्या शेंगा नाहीतर कांदे सोलायच्या, आणि आम्ही जवळ आलो की जाळीतून हात हलवून ओरडायच्या, "धाव गो बाय, धाव!" सर आत चडफडायचे. अख्ख्या वाटेला त्यांची जागा कळायची. पण आंटीला घरी ठेवायची त्यांची छाती नव्हती, कारण साक्षीदार म्हणून त्या हव्या होत्या. असा हा गुप्तहेर बायकोसकट, कांद्याच्या वासासकट जाळीत बसायचा. मी पुढे पुढे त्या वासावरूनच ओळखायची, सर कुठे आहेत ते.

माझी आई बाजारात मासे विकते. सर तिचं गिऱ्हाईक. इतर बायका त्यांना बघून तोंड फिरवत, कारण ते एका बांगड्यासाठी अख्खी पाटी उपसत. डोळा दाबून बघायचे, पोट दाबून बघायचे, आणि प्रत्येक माशाचा कल्ला बोटानं उघडून आतला रंग बघायचे. लाल असला तर "रंग लावलो नाय मगे?" हेही विचारायचे. मला लाज वाटायची. सगळा बाजार हसायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर मला शिट्टीवर पळायचं असायचं. मी आईपाशी कुरकुर केली, तर ती मलाच बोलली.

"बघून घेणारो गिराईक बरो गो. न बघता घेता, तो घराकडे जाऊन बोंबलता."

आईला ते आवडत, हे मला तेव्हा विचित्रच वाटलं. पण खरं सांगायचं तर, त्यांच्या त्या नजरेखाली मी पळायला शिकले. कुठल्याही वळणावर, कुठल्याही जाळीत सर असू शकतात, म्हणून मी कधीच चालले नाही. ते नसतानाही ते आहेत असं धरून पळत राहिले. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा त्या संघात कोकणातली मी एकटी होते. सरांनी निवडीचं पत्र उजेडात धरून बघितलं, शिक्का नखानं खरवडला, आणि म्हणाले, "खरा दिसता."

त्याच वर्षी देशभरातल्या विद्यापीठांची क्रॉस कंट्री स्पर्धा आमच्याकडे आली. हौशी आयोजकांनी मैदानातल्या गोल गोल फेऱ्या टाळून दहा किलोमीटरची सलग वाट आखली होती. सडा, गावाची शीव, व्हाळ, मग किनारा. सगळ्यांनी कौतुक केलं. सर तेवढे म्हणाले, "सलग वाट म्हणजे चोरांची सोय."

माझं सगळं त्या एका शर्यतीवर होतं. पहिल्या तिघींत आले तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीला उभं राहता येणार होतं. आईच्या पाटीखालून सुटायचा मला दुसरा रस्ता दिसत नव्हता, आणि तो मला हवा होता. फार हवा होता.

आता शिवेवरच्या देवचाराचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्या गावाच्या शिवेवर एक पाषाण आहे आणि त्याच्यासमोर काही पावलांवर एक जुनं किंजळीचं झाड. देवचार म्हणजे शिवेचा राखणदार. पाषाण आणि झाड यांच्यामधून त्याची वाट. तिथून माणसानं जायचं नाही. पाषाणाच्या मागून, करवंदीच्या जाळीला वळसा घालून जायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. चालायला लागल्यापासून पाय आपोआप वळतात. ख्रिस्तावही वळतात. आमचे सरदेखील, कपाळावर क्रूसाची खूण करणारे, तिथून मागूनच जायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "देव कोणाचोय असो. वाट तेची ना?"

वाट आखायला बाहेरून आलेल्या पंचांनी निशाणं लावली ती नेमकी त्या दोघांच्या मधून. एक झाडापाशी, एक पाषाणापाशी, आणि वाट मधून सरळ. त्यांना काय ठाऊक? पण ज्यांना ठाऊक होतं तेही त्यांच्याबरोबर होते. निशाणं वाहणारे गावचे लोक, मी, सर, आम्ही सगळे आदल्या दिवशी ती वाट चालून आलो. आणि सगळे सवयीनं पाषाणाच्या मागून गेलो. एकाच्याही मनात आलं नाही की शर्यतीची वाट मधून आहे. केळ्याच्या सालीवर संशय घेणाऱ्या आमच्या सरांच्याही नाही. जिथून जायचं नसतं, तिथे आमच्यापैकी कुणी बघतच नाही.

शर्यतीच्या दिवशी मी सुरुवातीलाच पुढच्या घोळक्यात होते. सडा माझ्या ओळखीचा, खडकाळ, बाहेरच्या मुली जपून पाय टाकत होत्या. शिवेपाशी आले तेव्हा माझ्यापुढे दोघीच. त्या मधून गेल्या. माझे पाय वळले. पाषाणाच्या मागून, जाळीला वळसा घालून मी परत वाटेला लागले. उलट थोडं लांबच पडलं. मला त्यात काही झालं असं वाटलंही नाही. एवढंच जाणवलं की जाळीजवळून गेले आणि कांद्याचा वास आला नाही.

पुढे व्हाळ, मग किनाऱ्याची वाळू. शेवटच्या रेषेशी आले तर समोर सर आणि आंटी उभे. मी पळता पळता दचकले. सर शेवटच्या रेषेवर? इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी नाही, केस चापून बसवलेले. आंटी इगर्जीत जाताना नेसायची फुलाफुलांची साडी नेसल्या होत्या. दोघं लग्नाला आल्यासारखे. मी तिसरी आले. सरांनी दोन्ही घड्याळं बंद केली आणि दोन्हीकडे बघितलंच नाही.

तक्रार आली ती चौथी आलेल्या मुलीच्या संघाकडून. ती माझ्या मागून येत होती आणि मी निशाणं सोडून जाळीमागे गेले, हे तिनं पाहिलं होतं. खोटं बोलली नाही ती. त्या जाळीमागून एक पायवाट खाली व्हाळाकडे जाते, जवळची. मी त्या वाटेनं उतरले, असा त्यांचा संशय. वळणावरच्या पंचाला विचारलं, तर तो नेमका त्या वेळी पाठ करून कोकमाचं सरबत पीत होता. मोबाइलनं चित्रण करणारे सगळे शेवटच्या रेषेवर.

कॉलेजच्या एका वर्गात सुनावणी झाली. मुख्य पंच बाहेरगावचे, शांत गृहस्थ. मी सांगितलं, मी पाषाणाच्या मागून गेले, तिथून सगळे तसेच जातात. ते म्हणाले, "बाळ, शर्यतीत पळणारी मुलगी मुद्दाम लांबची वाट का घेईल?" मला प्रमाण मराठीत ते सांगताच येईना. देवचार हा शब्द त्या खोलीत तोंडातून बाहेर पडेना. सरांनी माझे बूट मागून घेतले, तळ उलटे केले, नखानं खरवडले. पण व्हाळानं आणि वाळूनं सगळं धुऊन नेलं होतं. इतकी वर्षं तळवे बघणाऱ्या माणसाला त्या दिवशी तळव्यावर काही मिळालं नाही.

मग मुख्य पंच त्यांच्याकडे वळले. "सर, तुमची ख्याती आम्ही ऐकून आहोत. तुम्ही वाटेवर कुठे ना कुठे बसलेले असताच. तुम्ही तिला मागून वळसा घालताना पाहिलं असेल, तर तेवढं सांगा. तुम्ही नियुक्त पंच नसलात तरी तुमचा शब्द मी धरीन. विषय संपेल."

आमच्या संघाच्या व्यवस्थापकानं बाकाखालून सरांच्या पायाला पाय लावला. मी बघितलं ते. सगळ्यांनाच ठाऊक होतं की सर जाळीत असतात. रेषेवरच्या गर्दीत, टोपीशिवाय, त्यांना बाहेरच्या कुणी ओळखलं नव्हतं; त्या दिवशी ते जाळीत नव्हते, हे फक्त आम्हाला माहीत होतं. एक वाक्य पुरे होतं.

सर उभे राहिले. "मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "ती मागूनच गेली असणार. आम्ही सगळे तिथून मागूनच जातो. पण मी पाहिलं नाही."

"म्हणजे तुम्ही तिथे नव्हता?"

"नव्हतो."

"दरवेळी असता. आज का नव्हता?"

सरांनी माझे बूट खाली ठेवले. मग म्हणाले, "या मुलीच्या बाबतीत गरज वाटली नाही."

मला बाद केलं.

त्या वाक्यात काय होतं, ते मला त्या वेळी कळलं नाही. मला एवढंच कळलं की जन्मभर जाळीत बसणारा माणूस नेमका माझ्या शर्यतीला नटूनथटून शेवटच्या रेषेवर उभा राहिला आणि मग खोटंही बोलला नाही. मी त्यांचा राग राग केला. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्यावर संशय घेतला. दुसऱ्या संघानं त्यांना काही कबूल केलं असेल. माझं पुढे जाणं त्यांना बघवलं नसेल. कोकणातली एक पोर नोकरीला लागली तर ह्यांच्या जाळीत कोण पळणार? काय काय म्हणून मनात आलं नाही. संशय कसा घ्यायचा, ते मी त्यांच्याकडूनच तर शिकले होते.

आईनं मात्र एक शब्द काढला नाही. ते मला फार लागलं. सर बाजारात येत राहिले आणि आई त्यांना मासे देत राहिली. एक फरक पडला होता. ते पाटीपाशी आले की आई स्वतःच एकेका माशाचा कल्ला उघडून त्यांच्यासमोर धरायची, आणि सर मान खाली घालून म्हणायचे, "आसू दे, आसू दे." मला वाटायचं, नाटक दोघांचं.

ती नोकरी गेली ती गेलीच. पुढे शिकून मी खेळाची शिक्षिका झाले आणि आता नांदगावच्या बाजूला एका शाळेत आहे. बरं चाललंय. वाईट वाटायचं ते वाटतंच, पण रोज नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या मुलींना घेऊन सावंतवाडीला गेले होते. परतीच्या आधी एक दिवस मोकळा होता. काय मनात आलं कोण जाणे, बाजारातून बांगडे घेतले आणि आरोंद्याची एसटी धरली. सर निवृत्त होऊन तिथे राहतात. खाडीच्या काठी कौलारू घर, पुढे बसायला सोपा. सर खुर्चीत होते, गुडघे गेलेले, डोक्यावर तीच टोपी. मला बघून पहिला प्रश्न, "काय काम काढलंस?"

"काय नाय. भेटूक इलंय."

"उगीच कोण येता?"

मी बांगड्यांची पिशवी त्यांच्या खुर्चीपाशी ठेवली. आंटी चहा घेऊन आल्या, शेजारी बसल्या, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता मी विचारलंच. इतकी वर्षं पोटात होतं. "सर, त्या दिवशी जाळयेत कित्याक नाय बसलात?"

सर खाडीकडे बघायला लागले. उत्तर दिलं ते आंटीनं.

"तुझ्या आवयन सांगल्यान म्हणान. आदल्या सांजेक बाजारात गेल्ले हे, म्हणाले, फाल्या पोरगी धावतली, माका जाळयेत बसूक होया, मासो नको. तर ती म्हणाली, 'मास्तरानु, कल्लो उघडून बघितलात, मासो घेतलात. आता घराकडे नेल्यार परत परत कित्याक हुंगतात? तेना मासो नासता.' घराकडे इले आणि माका म्हणाले, बरी साडी काढ. पोरीक रेषेर बघूया."

मी चहाची कपबशी खाली ठेवली. आई इतकी वर्षं कल्ले उघडून धरत होती, ते आठवलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणावर विश्वास टाकला नाही त्यानं तो एकदा टाकला, माझ्यावर, आणि त्यामुळेच माझं नुकसान झालं. आणि ते नुकसान टाळायला एक खोटं वाक्य पुरलं असतं, तेही त्यानं उच्चारलं नाही. मला रडू आलं. आंटीनं पाठीवर हात ठेवला.

"चूक झाली," सर खाडीकडेच बघत म्हणाले. "माका थय आसूक होया होता." मग माझ्याकडे वळून, जुन्या नजरेनं, "तुझी पोरां धावतत तेवा तू खंय रवतंस?"

"जाळयेत," मी म्हटलं.

"संशय येता?"

"नाय. कोणी इचारला तर सांगूक होया, मी बघलंय म्हणान."

सरांनी वाकून पिशवी उचलली, तोंडाची गाठ सोडायला बोटं गेली, तिथेच थांबली. पिशवी तशीच आंटीच्या हातात दिली.

"भितर ने."

आंटी पिशवी हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बघूक नाय?"

"तिना आणल्यान मां," सर म्हणाले.

बांगडे घेताना मी एकेकाचा कल्ला उघडून बघितला होता. कोळणीची पोर मी, मासा ओळखते. तरी आंटी आत गेल्या तेव्हा मला वाटलं, एसटीतून उतरल्यावर आणखी एकदा बघायला हवे होते.